शेरा

रबाळ्याच्या एमआयडीसीत, त्याच गल्लीत,
जिथे आमच्या कंपनीचं गेट होतं आणि गेटासमोर चिंच
(चिंच अजून आहे),
तिथल्या शेडमध्ये आता प्रणित मढवी बिअर गाळतो.
स्टीलच्या तीन टाक्या, एक मांजर,
आणि भिंतीला टेकवलेलं आमचंच वजनकाट्याचं टेबल,
ज्याचा एक पाय तेव्हाही आखूडच होता.

मॅडम, चव सांगा. खरी सांगा.

बावीस वर्षं मी नाकावर पगार कमावला.
व्हॅनिलिन.
पांढऱ्या सुयांसारखे स्फटिक, ड्रममागून ड्रम,
बिस्किटवाल्यांना, आइस्क्रीमवाल्यांना.
संध्याकाळी कंपनीची बस बेकरीसारखी घमघमायची
आणि वाशीच्या बाजारात कुणाचंही पोर
माझ्या पदराकडे वळून बघायचं.
घरातल्या एकाही वाढदिवसाला मी केक खाल्ला नाही.
नातेवाईक म्हणायचे, केवढा संयम.

तर, ग्लास.
उजेडापुढे धरली तरी काळीच,
फक्त कडेला गंजाची एक रेघ.
वर फेस, गुऱ्हाळाच्या काहिलीवर येतो तसा,
मळकट, दाट, काढून टाकावासा न वाटणारा.
अकरा टक्के आहे, प्रणित म्हणाला, जरा जपून.
पहिला घोट फार गार होता.
गार वस्तू खोटं बोलतात,
हे लॅबमध्ये पहिल्याच आठवड्यात कळतं.
मी ग्लास दोन्ही तळव्यांत धरून बसले
आजारी माणसाचा हात धरावा तशी.
मांजर टाकीखाली गेलं.
बाहेर फोर्कलिफ्ट मागे येताना टूं टूं करत राहिली.

मग कॉफी आली.
जायफळ घातलेली, पाहुण्यांची नव्हे.
रात्रपाळीची, तीन वाजताची, तळाला लागलेली,
जी पिऊन माणूस जागा राहतो, एवढंच.
आणि तिच्या मागून, बऱ्याच वेळानं,
दार न वाजवता,
व्हॅनिला.

आमची नव्हे. आमची किंचाळायची.
हिच्यात थोडं चामडं होतं, थोडी मनुका,
ओला भुसा, आणखी काहीतरी, ज्याला मला नाव देता येईना.
शेंगा चिरून पंधरा दिवस बुडवल्यात, तो सांगत होता.
जिची नक्कल मी सह्या करकरून जगात पाठवली
ती आज पहिल्यांदा भेटत होती.
खरं तर मी उठून उभं राहायला हवं होतं.

बाळाराम प्लास्टिकच्या खुर्चीत बसून.
प्रणितचा बाप. रिॲक्टर नंबर दोन.
ज्या शनिवारी गॅस्केट फाटलं तेव्हा तो आत होता.
नंतर त्याला कशाचाच वास आला नाही,
सुकटीचा नाही, नातवाच्या टाळूचा नाही.
त्या शनिवारची बॅच मी पास केली होती.
शुद्धता नव्व्याण्णव पूर्णांक सात.
कार्डावर शेवटी 'शेरा' असा रकाना असायचा.
तो मी कोरा सोडला.

"मना त निस्ती करपलेली भाकर लागतं," तो म्हणाला,
"पर जड हाय. तुमी सांगा, वास कसा हाय?"

मी म्हटलं, गोडसर.
म्हणाला, गोड जिभेला कळतं, मॅडम. वास सांगा.
मी म्हटलं, आपल्या बससारखा.
पण सगळी उतरून गेल्यावरची बस.
दिवा चालू राहिलाय.

तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग हसला, म्हणजे नुसते खांदे हलले.

प्रणितनं पुठ्ठ्याचं कार्ड सरकवलं:
रंग, फेस, कडवटपणा, आणि
तोच रकाना.
मी लिहिलं, गार असताना मत देऊ नये.
पेन ठेवलं. उचललं.
खाली लिहिलं, नमुना अपुरा,
आणि रिकामा ग्लास त्याच्याकडे ढकलला.

बाळारामनं स्वतःचा उचलला,
आणि ओठांना लावण्याआधी,
सवयीनं,
नाकाखाली धरला.